छायाचित्र जाळीतून गाळताना

लग्नसराई सुरू झाली की देऊळघाटसारख्या गावात घरोघर पत्रिका येऊ लागतात. एखादी देवनागरीत, एखादी उर्दूत, काही दोन्ही लिप्यांत. यांतल्या बऱ्याच पत्रिका बुलढाणा किंवा चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या लहानशा खोलीत छापलेल्या असतात. छपाईचे साहित्य फारसे नसते. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली बारीक जाळी, रबराची पट्टी आणि शाईचा डबा. या पद्धतीला आपण सगळेच स्क्रीन प्रिंटिंग म्हणतो.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९६४ साली केलेले मेरिलिन मन्रो या नटीचे एक चित्र २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १९ कोटी ५० लाख डॉलरना विकले गेले. कापडावर हाताने लावलेले रंग आणि त्यावर जाळीतून छापलेले एक छायाचित्र, एवढेच त्या चित्राचे साहित्य. पत्रिका छापणारा जी चौकट वापरतो तीच वॉरहॉल यांनी वापरली.

पत्रिकेवरील अक्षरे जाळीतून कशी उतरतात याची कल्पना करणे सोपे आहे. जिथे अक्षर तिथे भोके, बाकी जागा बंद. पण छायाचित्राचे काय? चेहऱ्यावर केवळ काळे आणि पांढरे नसते. कपाळ उजळ, गाल किंचित सावळा, हनुवटीखाली सावली अशा शेकडो करड्या छटा असतात. शाई मात्र एकच, काळी. जाळीच्या भोकातून ती एक तर जाते किंवा जात नाही. अर्धवट काळी शाई कुठून आणायची? या अडचणीतून लोकांनी वाट कशी काढली आणि त्या वाटेवर चेहऱ्याचे काय काय गमवावे लागते, हे या लेखात पाहू.

चौकट, जाळी आणि शाई

पूर्वी ही जाळी रेशमाची असे, म्हणून या पद्धतीला सिल्कस्क्रीन असेही नाव पडले. आज ती बहुधा पॉलिएस्टर किंवा नायलॉनची असते. समजा, एका जाळीत दर सेंटिमीटरला ७७ धागे आहेत. म्हणजे एका धाग्याच्या मध्यापासून पुढच्या धाग्याच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे १३० मायक्रोमीटर, म्हणजे ०.१३ मिलिमीटर झाले. धागा ५५ मायक्रोमीटर जाड धरला तर मधल्या चौकोनी भोकाची बाजू ७५ मायक्रोमीटर उरते. हिशेब केला तर जाळीच्या एकूण क्षेत्रफळापैकी केवळ एक तृतीयांश भाग उघडा आहे असे दिसते. तरीही छापलेल्या भागात पांढऱ्या रेघा राहत नाहीत. कारण भोकांतून उतरलेली शाई कागदावर थोडी पसरते आणि शेजारचे थेंब एकमेकांना मिळतात.

शाई दाट असली पाहिजे, नाहीतर ती आपोआप गळेल. पण रबरी पट्टी ओढताच ती सहज वाहिलीही पाहिजे. या शाया अशा बनवतात की ढकलले असता त्या पातळ होतात आणि ढकलणे थांबले की पुन्हा घट्ट होतात. बाटली हलवल्यावर टोमॅटोचे सॉस एकदम वाहू लागते, तसाच हा प्रकार. जाळी कागदापासून दोन-तीन मिलिमीटर उंच धरलेली असते. पट्टी जिथे असेल तिथेच ती कागदाला टेकते आणि पट्टी पुढे सरकताच वर उचलली जाते. त्यामुळे शाई फरफटत नाही. ऑफसेट छपाईत शाईचा थर एक-दोन मायक्रोमीटरचा असतो, तर येथे तो त्याच्या कितीतरी पट जाड बसतो. पत्रिकेवरून बोट फिरवले तर अक्षरे हाताला लागतात ती म्हणूनच.

प्रकाशाने बनवलेली चाळणी

जाळीची नको असलेली भोके बंद करण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे कागद कापून तो जाळीला चिकटवणे. परंतु छायाचित्रातले बारकावे कात्रीने कापता येणार नाहीत. तिथे प्रकाशाची मदत घ्यावी लागते.

१८३९ साली स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी पोटॅशियम डायक्रोमेट लावलेला कागद उजेडात काळपट होतो हे दाखवले. पुढे इंग्लंडच्या फॉक्स टॅलबट यांच्या लक्षात आले की डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनवर उजेड पडला तर ते पाण्यात विरघळेनासे होते. या गुणाचा छपाईसाठी उपयोग करण्याचे एकस्व त्यांनी १८५२ मध्ये घेतले.

असे का व्हावे? जिलेटिन किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे पदार्थ आहेत. या साखळ्या एकमेकींपासून मोकळ्या असतील तर पाणी त्यांच्यामध्ये शिरते आणि पदार्थ विरघळतो. डायक्रोमेटमधील क्रोमियम षट्‌संयुजी असते. अतिनील किंवा निळा प्रकाश शोषला की ते शेजारच्या साखळीकडून इलेक्ट्रॉन घेते आणि त्रिसंयुजी बनते. हे त्रिसंयुजी क्रोमियम मग दोन-तीन साखळ्यांना एकदम धरून ठेवते. सैल दोऱ्यांना जागोजागी गाठी मारल्या की त्या सुट्या करता येत नाहीत. साखळ्यांचेही तसेच होते आणि मग पाणी त्यांना वेगळे करू शकत नाही.

कृती अशी असते. अंधूक पिवळ्या दिव्याच्या खोलीत जाळीवर या मिश्रणाचा पातळ थर देऊन तो वाळवतात. त्यावर पारदर्शक फिल्मवर काढलेले काळे चित्र ठेवतात. या फिल्मला कारागीर पॉझिटिव्ह म्हणतात. मग काही मिनिटे ऊन किंवा अतिनील दिवा दाखवतात. चित्राच्या काळ्या भागाखाली प्रकाश पोहोचत नाही, तिथला थर विरघळण्याजोगा राहतो. बाकीचा कडक होतो. पाण्याचा फवारा मारला की न कडकलेला भाग वाहून जातो आणि तिथली भोके उघडी पडतात. जिथे फिल्मवर काळे, तिथे जाळीत वाट आणि कागदावर शाई.

या रीतीला लिपीचे वावडे नाही. खिळे जुळवून छापायचे तर प्रत्येक लिपीचे खिळे लागतात. येथे सुंदर हस्ताक्षरात लिहिलेली उर्दू ओळ आणि देवनागरी ओळ प्रकाशाला सारख्याच. दोन लिप्यांची पत्रिका लहान गावातही सहज छापता येते, त्यामागे हेही एक कारण आहे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. बाजारात ज्याला नुसते ‘बायक्रोमेट’ म्हणतात ते नारिंगी रसायन षट्‌संयुजी क्रोमियमचे आहे आणि ते विषारी आहे. त्याने हातांना न भरणाऱ्या जखमा होतात, त्वचेला कायमची अॅलर्जी जडू शकते. अशा क्रोमियमची धूळ किंवा तुषार वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिले तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हातमोजे न घालता जाळ्या धुणारी मुले आपण पाहतो. ते धुण्याचे पाणी गटारातून शेवटी ओढ्या-नदीलाच मिळते. क्रोमियम नसलेली डायझो प्रकारची मिश्रणे आता मिळतात, त्यांनी तेच काम होते. आपला एखादा माजी विद्यार्थी या धंद्यात असेल तर त्याला हे जरूर सांगावे. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र छपाईसाठी डायक्रोमेट काढू नये.

हो किंवा नाही

चाळणी तयार झाली. आता मूळ अडचणीकडे येऊ. पॉझिटिव्हवर करडा रंग चालत नाही. तिथे काळे किंवा पारदर्शक, एवढेच हवे. मग छायाचित्रातील प्रत्येक बिंदूबद्दल निर्णय घ्यावा लागतो की हा काळा धरायचा की पांढरा?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे एक सीमारेषा ठरवणे. पूर्ण काळ्याला ० आणि पूर्ण पांढऱ्याला १० गुण देऊ. सीमा ५ वर ठेवू. पाचाच्या वरचे सगळे पांढरे, खालचे सगळे काळे. समजा, एका चेहऱ्यात कपाळ ७, गाल ६, डोळ्यांखालची सावली ४ आणि बुबुळ १ आहे. कपाळ व गाल पांढरे होतील, सावली व बुबुळ काळे होतील. चेहरा ओळखू येईल. आता शेजारी उभ्या असलेल्या सावळ्या माणसाचा चेहरा घ्या. कपाळ ४, गाल ३, सावली २, बुबुळ ०. सीमा ५ वर असेल तर हा चेहरा संपूर्ण काळा होईल. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता काळा डाग. सीमा खाली आणून अडीचवर ठेवली तर दुसरा माणूस ओळखू येईल. पण मग पहिल्याच्या डोळ्यांखालची सावली पुसली जाईल आणि त्याच्या चेहऱ्यावर फक्त बुबुळे उरतील.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. ओळखपत्राची साधी झेरॉक्स काढली की त्यावरचा चेहरा काळाठिक्कर होतो आणि तहसील कार्यालयाच्या खिडकीवर ‘हा तुमचाच फोटो का?’ असे विचारले जाते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. गोऱ्या चेहऱ्यापेक्षा सावळ्या चेहऱ्याला हे अधिक भोगावे लागते. यंत्राला माणसांबद्दल काही वाटत नसते हे खरे. पण सीमारेषा कुठे असावी हे कुणीतरी ठरवलेले असते आणि ज्याचा चेहरा त्या सीमेच्या चुकीच्या बाजूला पडतो तो कागदावरून नाहीसा होतो. यावर उपायही सोपा आहे. बऱ्याच झेरॉक्स यंत्रांवर छायाचित्रासाठी वेगळे बटन असते. ते दाबले की यंत्र एकाच सीमेने काम करत नाही. ते काय करते, ते आता पाहू.

हलती सीमा, म्हणजेच ठिपके

कल्पना अशी आहे. संपूर्ण चित्राला एकच सीमा लावण्याऐवजी ती सीमा जागोजागी बदलायची. चित्राचे अगदी लहान चौकोन करू. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी सीमा १० जवळ ठेवू आणि कडांकडे जाताना ती हळूहळू ० पर्यंत उतरवू, अशा रीतीने की प्रत्येक सीमेच्या वाट्याला सारखेच क्षेत्रफळ यावे. आता ४ गुणांची करडी छटा या चौकोनात आली तर काय होईल? जिथे सीमा ४ पेक्षा खाली आहे तेवढी, म्हणजे ४० टक्के, जागा पांढरी होईल. उरलेली ६० टक्के काळी होईल आणि ती मध्यभागी एका मोठ्या ठिपक्याच्या रूपात दिसेल. छटा ८ गुणांची असेल तर ठिपका लहान, फक्त २० टक्के जागेचा. शाई काळीच राहिली, पण करडेपणा ठिपक्याच्या आकारात उतरला.

छपाईच्या धंद्यात याला हाफटोन म्हणतात. वर उल्लेख केलेल्या टॅलबट यांनी १८५२ च्या एकस्वातच छटा तोडण्यासाठी मध्ये झिरझिरीत कापड धरण्याची युक्ती सुचवली होती. पुढे कापडाची जागा रेघा कोरलेल्या काचेने घेतली. आपल्या देशात या विषयावर मोलाचे संशोधन झाले आहे. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर राय यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात छपाईचा व्यवसाय सुरू केला. काचेची जाळी छायाचित्राच्या पट्टीपासून किती दूर ठेवावी, कॅमेऱ्याच्या छिद्राचा आकार कसा असावा याचा त्यांनी गणिताने अभ्यास केला. इंग्लंडमध्ये निघणाऱ्या पेनरोजच्या वार्षिकात त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात धुंडिराज गोविंद फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ठसे बनवण्याच्या आणि रंगीत छपाईच्या उद्योगात होते. त्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे हा अनुभव होता.

ठिपके आपल्याला वेगवेगळे न दिसता करडी छटा का दिसते? निरोगी डोळ्याला साधारण एका मिनिटाच्या कोनापेक्षा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा, जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. एक मिलिमीटर अंतरावरचे ठिपके सुमारे साडेतीन मीटरवरून एकमेकांत मिसळतात. इंचाला ४५ ठिपके असतील तर अंतर ०.५६ मिलिमीटर आणि ते मिसळतात दोन मीटरच्या आसपास. चांगल्या मासिकात इंचाला दीडशे ठिपके असतात. ते ५८ सेंटिमीटरवरूनच दिसेनासे होतात आणि हातात धरून वाचतानाही सहसा जाणवत नाहीत.

जाळी ठिपके खाते

मग स्क्रीन प्रिंटिंगमध्येही इंचाला दीडशे ठिपके का घेत नाहीत? याचे उत्तर आपल्या सुरुवातीच्या हिशेबात आहे. जाळीच्या दोन धाग्यांमधले अंतर १३० मायक्रोमीटर. इंचाला ४५ ठिपके घेतले तर दोन ठिपक्यांमधले अंतर ५६४ मायक्रोमीटर, म्हणजे एका ठिपक्याच्या चौकोनात चार-सव्वाचार धागे येतात. दहा टक्के काळ्या छटेचा ठिपका सुमारे २०० मायक्रोमीटर व्यासाचा असतो. तो कसाबसा निभावतो. पण तीन टक्क्यांचा ठिपका केवळ ११० मायक्रोमीटरचा. तो एका धाग्यापासून दुसऱ्या धाग्यापर्यंतच्या अंतराहूनही लहान झाला. तो भोकावर पडला तर छापला जाईल. धाग्यांच्या फुलीवर पडला तर बहुतेक नाहीसाच होईल.

काळ्या टोकाला उलटा प्रकार होतो. ९७ टक्के काळ्या छटेत पांढरे ठिपके इतके लहान असतात की पसरणारी शाई त्यांना भरून टाकते. म्हणजे सर्वांत उजळ छटा पांढऱ्यात जातात आणि सर्वांत गडद छटा काळ्यात. मधल्या तेवढ्या टिकतात. जाळीतून गाळलेला चेहरा मूळ छायाचित्रापेक्षा भडक आणि मुखवट्यासारखा दिसतो तो यामुळे.

आणखी एक अडचण आहे. धाग्यांची जाळी आणि ठिपक्यांची जाळी या दोन नियमित रचना एकमेकींवर ठेवल्या की तिसरीच एक मोठी नक्षी दिसू लागते. मच्छरदाणीचे दोन पदर उजेडात धरले असता जे लाटांसारखे पट्टे दिसतात, तेच हे. एका रचनेचे अंतर १ मिलिमीटर आणि दुसरीचे १.१ मिलिमीटर असेल तर दर ११ मिलिमीटरवर त्या पुन्हा जुळतात आणि तेवढ्या रुंदीचे पट्टे उमटतात. अंतरे सारखीच असून कोनात पाच अंशांचा फरक असेल तरीही पट्टे जवळजवळ तेवढेच रुंद येतात. कसलेला कारागीर फिल्म जाळीवर थोडी थोडी फिरवून पट्टे नाहीसे होण्याचा कोन शोधतो.

मेरिलिनचा चेहरा

मेरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२ मध्ये वारली. वॉरहॉल यांनी त्याच सुमारास जाळीतून छायाचित्रे छापायला सुरुवात केली होती. १९५३ च्या ‘नायगारा’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेले तिचे एक छायाचित्र त्यांनी घेतले, कडा कापून फक्त चेहरा ठेवला आणि त्याची जाळी बनवून घेतली. आधी कापडावर केसांच्या जागी पिवळा, पापण्यांवर निळा, ओठांवर लाल असे सपाट रंग लावायचे आणि त्यावर काळ्या शाईत छायाचित्र छापायचे, अशी त्यांची रीत होती.

त्या वर्षीच्या एका मोठ्या चित्रात हा चेहरा पन्नास वेळा आहे. डाव्या अर्ध्यात पंचवीस वेळा रंगीत, उजव्या अर्ध्यात पंचवीस वेळा केवळ काळ्यात. काळ्या भागात कुठे शाई जास्त उतरून चेहरा बुजला आहे, तर कुठे जाळी कोरडी पडून तो फिका होत गेला आहे. पत्रिका छापणाऱ्याने असा कागद बाजूला फेकला असता. वॉरहॉल यांनी तो ठेवला. एकाच नटीचे एकच छायाचित्र वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून लाखो वेळा छापले जाते तेव्हा त्या माणसाचे काय उरते, हा प्रश्न त्या झिजत गेलेल्या शाईतून पाहणाऱ्याला पडतो. जाळी जे खाते ते लपवण्याऐवजी त्यांनी ते उघडे केले. जाहिरात, वर्तमानपत्र, सिनेमा, डबाबंद वस्तू यांतली रोजची चित्रे उचलून केलेल्या या कलेला पॉप आर्ट म्हणतात.

चमकी, जर आणि काच

पॉप आर्टच्या चित्रकारांनी छापील छायाचित्राला हाताचे रंग, कागदाचे तुकडे, धातूचे पत्रे यांची जोड दिली. अशा चित्राला मिश्र माध्यमातील चित्र म्हणतात. १९८० च्या सुमारास वॉरहॉल ओल्या थरावर चमकणारी पूड भुरभुरून चित्रे करू लागले. त्यांना ‘हिऱ्याची पूड’ असे नाव मिळाले तरी प्रत्यक्षात कुटलेली काच वापरावी लागली. खऱ्या हिऱ्याची पूड चमकतच नव्हती!

हे कोडे वर्गात सोडवण्याजोगे आहे. खडीसाखर चमकते आणि पिठीसाखर नुसती पांढरी दिसते. पदार्थ तोच. चमक येते ती सपाट पृष्ठभागाने आरशासारखा प्रकाश एकाच दिशेला फेकल्यामुळे. तुकडा मोठा असेल तर ती एक झगझगीत उसळी डोळ्याला वेगळी दिसते. पूड फार बारीक असेल तर हजारो सूक्ष्म पृष्ठभाग प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतात आणि डोळ्याला त्यांची सरासरी, म्हणजे खडूसारखा पांढरेपणा, दिसतो. पत्रिकेवर गणपतीच्या मुकुटाला चमकी लावणाऱ्याला हे अनुभवाने माहीत असते, म्हणून तो भरड चमकी घेतो.

छापील चित्रावर असा साज चढवणे आपल्याकडे नवे नाही. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांच्या काही प्रतींवर लोकांनी घरी कापडाची साडी, जर, मणी आणि टिकल्या लावल्या. आजही अशा प्रती संग्रहांत पाहायला मिळतात. १९३४ मध्ये मुंबईत जन्मलेले भूपेन खक्कर हे शिक्षणाने हिशेबनीस. १९६५ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांनी मांडलेल्या चित्रांत बाजारातील देवादिकांची छापील चित्रे कापून चिकटवलेली होती. भारतातील पॉप आर्टची चर्चा या चित्रांपासून सुरू होते. न्यूयॉर्कच्या चित्रकारासमोर नटीचे छायाचित्र होते, आपल्या चित्रकारासमोर भिंतीवरचे कॅलेंडर.

इतक्या थोड्यावर चेहरा कसा ओळखतो?

छटा गेल्या, बारकावे गेले, तरी चेहरा ओळखू येतो. १९७३ मध्ये लिऑन हार्मन आणि बेला युलेझ या शास्त्रज्ञांनी अब्राहम लिंकन यांच्या चेहऱ्याचे मोठमोठ्या चौकोनांत तुकडे केले आणि प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी छटा दिली. जवळून पाहिले तर नुसते चौकोन दिसत. डोळे किलकिले केले किंवा दूर गेले की लिंकन दिसत. दूर गेल्यावर माहिती वाढत नाही, उलट कमी होते. पण जी कमी होते ती चौकोनांच्या धारदार कडांची, म्हणजे दिशाभूल करणारी. चेहऱ्याची ओळख मुख्यतः मोठ्या सावल्यांच्या मांडणीत असते.

परिचित चेहऱ्याला तर याहूनही कमी पुरते. गांधीजींचा गोल चष्मा, बाबासाहेबांचा चष्मा आणि कोट, शिवाजी महाराजांची दाढी आणि जिरेटोप यांची नुसती बाह्याकृती भिंतीवर काढली तरी लहान मूल ओळखते. मात्र ही सवलत प्रसिद्धांनाच मिळते. आपल्या मनात त्यांचे चित्र आधीच असते आणि जाळीने खाल्लेले आपण मनाने भरून काढतो. खिडकीपलीकडच्या कारकुनाला ओळखपत्रावरचा शेतकरी आधी माहीत नसतो, म्हणून त्याच्या झेरॉक्समध्ये छटा टिकल्याच पाहिजेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. वर्तमानपत्रातील काळे-पांढरे छायाचित्र भिंगातून पाहावे. मग ते भिंतीवर लावून ठिपके दिसेनासे होईपर्यंत मागे जावे. ते अंतर मोजून मिलिमीटरमध्ये मांडावे आणि ३४०० ने भागावे. ठिपक्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मिळते. मग पट्टी आणि भिंग घेऊन ते ताडून पाहावे. प्रत्येकाची दृष्टी वेगळी असल्याने उत्तरे थोडी वेगळी येतील, त्यावरही चर्चा होऊ शकते.

२. गोऱ्या व सावळ्या मुलांचा एकत्र फोटो घेऊन त्याची साधी झेरॉक्स काढावी. मग झेरॉक्सची झेरॉक्स, असे पाच वेळा करावे. प्रत्येक पायरीवर काय गेले आणि कोणाचे आधी गेले याची नोंद ठेवावी. नंतर छायाचित्राचे बटन वापरून तुलना करावी.

३. भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये जुन्या झिरझिरीत ओढणीचे कापड ताणून बसवावे. खाली कापलेल्या कागदाची आकृती ठेवावी. पोस्टर कलरमध्ये कणकेची खळ मिसळून दाट शाई करावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढावी. खळ कमी-जास्त करून पाहिले की शाईच्या दाटपणाचे महत्त्व आपोआप कळते.

४. प्रकाशाने चित्र उमटवण्यासाठी डायक्रोमेटऐवजी हळद घ्यावी. सर्जिकल स्पिरिटमध्ये हळद ढवळून, निवळलेले पिवळे द्रावण जाड कागदावर लावून अंधारात वाळवावे. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळपास ज्योत नको. कागदावर एखादे पान किंवा पारदर्शक फिल्मवर काढलेली झेरॉक्स ठेवून वर काच ठेवावी आणि कडक उन्हात काही तास ठेवावे. ऊन लागलेली हळद फिकी होते. मग धुण्याच्या सोड्याचे पातळ द्रावण कापसाने हलके फिरवले की न फिकटलेली हळद लालसर तपकिरी होते आणि चित्र स्पष्ट उठते. जाळीवरच्या थरात प्रकाश पदार्थाला बांधून ठेवतो, येथे तो रंगाचा रेणू मोडतो. दोन्हीकडे चित्र उमटते ते फिल्मच्या काळ्या भागाने प्रकाश अडवल्यामुळे.

शेवटचा प्रयोग मार्च-एप्रिलच्या उन्हात उत्तम होतो. बुलढाणा-देऊळघाटकडच्या शाळांना त्या ऊन्हाची वाण नाही आणि नेमकी तेव्हाच लग्नसराईही असते. मुलांना घरी आलेल्या पत्रिका आणायला सांगाव्यात. बोट फिरवून आणि भिंगातून पाहून कोणती जाळीतून छापली आहे, कोणती ऑफसेटवर, हे त्यांनीच ठरवावे. एखाद्या पत्रिकेवर वधू-वरांचे किंवा आजी-आजोबांचे छायाचित्र असेल तर त्यात कोणाचा चेहरा नीट उतरला आहे आणि कोणाचा बुजला आहे, हेही विचारावे.